दारावर ठोकलेले पक्षी आणि चार फ्रेंच ओळी: तुमच्या मामांच्या एचिंगबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचे मामा बोटीवर होते, त्यांच्या ट्रंकेत एक जुनं फ्रेंच चित्र सापडलंय, लाकडी दारावर मेलेले पक्षी उलटे ठोकलेत आणि त्यात चार ओळींची कविता आहे. तुम्हाला कुणीतरी सांगितलं की हे गोष्टीच्या पुस्तकातून फाडलेलं पान आहे, कविता नंतर छापखान्यात छापलीय, तर ते खरं का, हे ओरिजिनल का, आणि फ्रेमवाल्याकडे द्यायचं की नाही. मी गेली तीसेक वर्षं एचिंग (म्हणजे तांब्याच्या प्लेटवर अ‍ॅसिडने रेघा काढून छापायचं चित्र) करते, शिकवते, आणि जुने कागद दुरुस्त करायचं कामही करते, त्यामुळे जरा लांबलचक उत्तर देतेय, सवडीने वाचा. आणि तेवढ्या वेळात फ्रेमवाल्याकडे देऊ नका.

तुम्ही त्या चार ओळी उतरवून पाठवल्यात हे फार बरं केलंत, कारण त्याच्यावरूनच चित्र ओळखता आलं. हे फेलिक्स ब्राकमों या पॅरिसच्या कलाकाराचं एचिंग आहे, नाव 'ल ओ दँ बाताँ द पोर्त', म्हणजे सरळ मराठीत 'कवाडाचा वरचा भाग'. साल 1852. ब्राकमोंचा जन्म 1833 चा, म्हणजे हे केलं तेव्हा पोरगा एकोणीस वर्षांचा होता. पुस्तकाचं पान वगैरे अजिबात नाही, हे स्वतंत्र चित्र आहे, साधारण एथ्री कागदाएवढ्या तांब्याच्या प्लेटवर केलेलं. तुमच्या हातात जे आहे ते त्या प्लेटवरून काढलेलं असेल किंवा त्याच्या फोटोवरून केलेलं रिप्रॉडक्शन असेल, ते कसं ओळखायचं ते पुढे सांगते. पण आधी कवितेबद्दल बोलू द्या, कारण ते चित्र धरून बसण्यासारखं का आहे हे त्या ओळींतच आहे, आणि लोक नेमकं तेच सोडून 'किंमत किती येईल' विचारतात.

ओळींचा अर्थ असा: इथे तुला खिन्न लटकलेले दिसतायत लुटारू आणि हावरे पक्षी, त्यांच्या जातभाईंना हे शिकवायला, की 'व्होले' आणि 'व्होले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या ओळीत फ्रेंचमध्ये एकच शब्द दोनदा येतो, स्पेलिंग तेच, उच्चार तोच. 'व्होले' म्हणजे उडणं, आणि 'व्होले' म्हणजे चोरणं. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यांना इथे हात टेकावे लागतात, दोन वेगळे शब्द घालून खाली टीप द्यावी लागते. आणि आपल्याकडे बघा, आपण सहज म्हणतो ना, बसमध्ये कुणीतरी पाकीट उडवलं. उडणं वेगळं आणि उडवणं वेगळं! मी ही ओळ पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा अक्षरशः खुर्चीवरून उठले, की अरे हे तर मराठीत जसंच्या तसं बसतंय. तुम्ही घरच्यांना हे चित्र दाखवाल तेव्हा असंच सांगा, टीप द्यायची गरज पडणार नाही.

आणि याच्या आत अजून एक पदर आहे. फ्रेंचमध्ये चोरणं या अर्थाचा 'व्होले' आला कुठून, तर उडण्यावरूनच, तोही ससाण्यांच्या शिकारीतून. पाळलेला ससाणा तितर पक्षी उडता उडता पकडतो त्याला ते म्हणायचे की ससाण्याने तितर 'व्होले' केला, म्हणजे उडत जाऊन झडप घातली, आणि तिथून हळूहळू अर्थ सरकला झडप घालून पळवणं, लांबवणं, चोरणं असा. म्हणजे कवितेतला जो श्लेष आहे तो नुसता शब्दाचा खेळ नाही, तो शब्द शिकारी पक्ष्याच्याच पंखांवरून चोरीपर्यंत पोचलाय, आणि चित्रात दारावर ठोकलेत ते त्याच वळणाचे, झडप घालणारे पक्षी. भाषेने जो गुन्हा त्यांच्या नावावर टाकला त्याचीच शिक्षा त्यांना मिळालीय असं मला ते चित्र बघताना प्रत्येक वेळी वाटतं.

ठोकण्याची पद्धत खरी होती बरं का, कल्पना नाही. युरोपात खेड्यापाड्यात कोंबड्या, कबुतरं, शिकारीसाठी राखलेले पक्षी पळवणारे घारी-ससाण्यांसारखे पक्षी मारले की धान्याच्या कोठाराच्या दारावर खिळ्यांनी ठोकून ठेवायचे, बाकीच्यांना दहशत म्हणून. आपल्याकडे शेतात मेलेला कावळा काठीला टांगतात तोच विचार. त्या चित्रात पक्ष्यांच्या सोबत एक वटवाघूळ पण आहे, नीट बघा. वटवाघळाने कुणाचं काय चोरलं होतं? ते बिचारं उडतं एवढंच. ब्राकमोंने ते मुद्दाम अर्थ ठेवून घातलं की दारावर होतं म्हणून काढलं हे मी सांगणार नाही, पण 'उडणं आणि उडवणं वेगळं' अशा ओळीच्या शेजारी ते वटवाघूळ बघितलं की पोटात कालवतं, कारण त्याला कुणी तो फरक करू दिलेला नाही.

कवितेत अजून एक बारीक गोष्ट आहे, तिथे 'तू' आहे, 'तुम्ही' नाही. फ्रेंचमध्येही आपल्यासारखंच तू आणि तुम्ही वेगळं असतं. 'इथे तुला दिसतायत'. कुणाला? पक्ष्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मढी टांगलीत, आणि अक्षरं आहेत ती दारासमोर उभ्या राहिलेल्या माणसासाठी. म्हणजे चित्र पक्ष्यांशी बोलतं आणि कविता आपल्याशी, आणि दोन्ही एकाच दारावर. यातच मला या चित्राची सगळी ताकद दिसते. नुसतं चित्र ठेवलं असतं तर ते एक कसबी स्टिल लाइफ, म्हणजे निर्जीव वस्तूंचं चित्र, झालं असतं, पिसांचा पोत, लाकडाचे तंतू, खिळे, वा छान. नुसती कविता असती तर एक म्हण झाली असती. दोन्ही एकत्र आल्यावर तुम्ही आधी पिसं बघता, मग वाचता, मग परत पिसांकडे जाता तेव्हा ते पक्षी वेगळे दिसायला लागतात.

1852 म्हणजे लुई-नेपोलियनने फ्रान्सची सत्ता बळकावली त्याच्या पुढचंच साल, डिसेंबर 1851 मध्ये तो प्रकार झाला होता, त्यामुळे लुटारू पक्ष्यांमध्ये राजकारण शोधायचा मोह होतो. मी तो अर्थ लावत नाही. चित्रात त्याला आधार दिसत नाही आणि ओढूनताणून अर्थ लावला की जे समोर आहे ते दिसेनासं होतं.

आता मुख्य तांत्रिक मुद्दा, कविता नंतर छापलीय का. ब्राकमोंच्या चित्रात अक्षरं चित्राच्या आतच आहेत, दारावरच, आणि ती त्याच प्लेटवर, त्याच सुईने, त्याच अ‍ॅसिडने केलेली आहेत. हे कळण्यासाठी एचिंग कसं होतं ते माहीत पाहिजे, थोडक्यात सांगते. तांब्याची प्लेट घासून आरशासारखी करायची, तिच्यावर मेण, राळ, बिट्युमेन यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा, त्याला ग्राउंड म्हणतात, मग मेणबत्तीच्या धुराने तो थर काळा करायचा म्हणजे सुईने ओरखडलेली रेघ तांबूस चमकून दिसते. सुईने फक्त थर खरवडायचा, तांबं कोरायचं नाही. मग प्लेट नायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात, जिथे थर गेलाय तिथे अ‍ॅसिड तांबं खातं. रेघेवर बुडबुडे येतात ते पिसाने हलकेच बाजूला सारत राहायचे नाहीतर रेघ तुटक खाल्ली जाते (हो, पक्ष्याच्या पिसानेच, आम्ही अजूनही कबुतराचं पीस वापरतो). फिक्या हव्या त्या रेघा लवकर बाहेर काढून वार्निशने झाकायच्या आणि गडद हव्या त्या परत अ‍ॅसिडमध्ये. फ्रेंचमध्ये एचिंगला 'ओ-फोर्त' म्हणतात त्याचा अर्थच 'जहाल पाणी', नायट्रिक अ‍ॅसिडचं जुनं नाव. नंतर थर पुसून, प्लेटवर घट्ट शाई चोळून, जाळीदार कडक कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसायची, शाई फक्त खड्ड्यांत राहते, मग ओलसर कागद ठेवून वर नमदे घालून प्रेसमधून काढायचं. कागद त्या खड्ड्यांत घुसून शाई उचलून आणतो.

आणि सगळं उलटं छापलं जातं! चित्राचं एकवेळ चालतं, पक्षी डावीकडचा उजवीकडे गेला तर कुणाला कळणार, पण अक्षरं? प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं, उजवीकडून डावीकडे, हात थरावर न टेकवता लिहायचं. मी शिकत होते तेव्हा एका प्लेटवर चार शब्द लिहिले होते, आठ दिवस खपून, आणि प्रूफ, म्हणजे चाचणीचा पहिला छाप, काढल्यावर एक अक्षर चुकीच्या बाजूला तोंड करून उभं. तांब्यात खाल्लेलं अक्षर खोडरबराने जात नाही, खरवडणीने तांबं खरवडायचं, मग घोटणीने घोटून सपाट करायचं, आणि तरी ती जागा किंचित खोलगट राहते, शाई जरा जास्त धरते, छापल्यावर त्या अक्षराभोवती एक हलकी सावली येते. ती सावली माझ्या प्लेटवर शेवटपर्यंत राहिली. तेव्हापासून मी कुठलंही जुनं एचिंग हातात आलं की आधी अक्षरं बघते. चित्रकार चित्रात चूक लपवू शकतो, अक्षरात नाही. अक्षरांच्या आसपास कागदाचा रंग बदलतोय का, एखादं अक्षर बाकीच्यांपेक्षा ठसठशीत आहे का, ओळ शेवटी आवळलीय का, तिथे तुम्हाला माणूस काम करताना दिसतो.

तर तुमच्या कागदाकडे येऊ. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च कागदाच्या अगदी कडेला जवळजवळ आडवा धरा, आणि दहापट भिंगातून अक्षरं बघा. छापखान्याच्या खिळ्यांनी, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांनी, छापलेली अक्षरं असतील तर ती कागदात दबलेली दिसतील, आणि अक्षराच्या कडेला शाई ढकलली जाऊन गडद किनार आलेली असेल. एचिंगचं अक्षर उलट कागदाच्या वर उभं असतं, शाईचा बारीकसा बांध असतो, आडव्या उजेडात त्याची सावली पडते. बोटाने चाचपू नका, भिंगानेच बघा. रेघेचं टोकही बघा, एचिंगची रेघ टोकाला बोथट संपते, सुई उचलली तिथे थांबते, तर ब्युरिनने, म्हणजे धातू कोरायच्या टोकदार हत्याराने, कोरलेली रेघ टोकाला निमुळती होत जाते. आणि भिंगातून जर सगळीकडे ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, जशी वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसते, तर तो विषय तिथेच संपला, ते पुस्तकातलं किंवा कॅलेंडरचं छापील चित्र.

एक फसवा प्रकार आहे तो सांगून ठेवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोटोवरून तांब्याची प्लेट बनवायची हेलिओग्राव्ह्युर नावाची पद्धत फ्रान्समध्ये चांगलीच रुळली होती, आणि तिच्यात छापही वर आलेला असतो, प्लेटची कडाही उमटलेली असते, त्यामुळे टॉर्चच्या टेस्टमध्ये ती पास होते. तिथे फरक असा की खऱ्या एचिंगमध्ये रेघांची खोली वेगवेगळी असते, पक्ष्याच्या काळ्या पंखात शाई भरभरून उभी राहील आणि लाकडाच्या बारीक तंतूंत जेमतेम असेल, कारण ते वेगवेगळ्या वेळेला अ‍ॅसिडमधून काढलेले असतात. फोटोवरून केलेल्या प्लेटमध्ये सगळं एकाच खोलीचं, सपाट वाटतं, आणि गडद भागात बारीक रवाळपणा दिसतो.

मग कागदाची कड. चित्राच्या चारी बाजूंनी प्लेटचा दाब उमटलेला हवा, आयताकृती खळगा, आणि तो मागच्या बाजूनेही जाणवतो. आतला आकार मोजा, अंदाजे 30 सेंटिमीटर बाय 39 सेंटिमीटरच्या जवळपास आला पाहिजे. दोनचार मिलिमीटरचा फरक कागद वाळताना आकसतो म्हणून पडतो, त्याने घाबरू नका. पण अर्ध्या आकाराचं असेल तर ते रिप्रॉडक्शन. पुस्तकातून फाडलेलं पान असतं तर एका कडेला शिलाईची भोकं किंवा डिंकाचा माग सापडला असता, तेही बघून घ्या म्हणजे ज्यांनी सांगितलं त्यांचं समाधान होईल.

चित्राच्या खालचा कोरा भाग बघा, तिथे अगदी बारीक अक्षरात प्रकाशकाचं आणि छापणाऱ्याचं नाव आहे का. हे चित्र 1852 मध्ये केलं असलं तरी आल्फ्रेद कादार या प्रकाशकाने ते 1865 मध्ये परत काढलं. कादार म्हणजे त्या काळातला एचिंगचा सगळ्यात मोठा खटपट्या माणूस, 1862 मध्ये त्याने एचिंग करणाऱ्यांची सोसायटी काढली, सोसिएते देझ आक्वाफोर्तिस्त, दर महिन्याला पाच एचिंग वर्गणीदारांना द्यायची अशी योजना, पाच वर्षांत तीनशे एचिंग निघाली. ब्राकमों त्या सोसायटीच्या सुरुवातीच्या माणसांपैकी. त्यामुळे खाली कादारचं नाव असेल तर तुमची प्रत त्या नंतरच्या आवृत्तीची, म्हणजे ती खोटी नाही, अस्सल प्लेटवरूनच काढलेली, पण पहिल्या प्रूफांपैकी नाही. जितक्या प्रती काढाल तितकी प्लेट झिजते, तांबं मऊ असतं, दर वेळी पुसताना आणि दाबताना बारीक रेघा उथळ होतात. 1857 च्या आसपास तांब्याच्या प्लेटवर लोखंडाचा पातळ थर चढवायची युक्ती फ्रान्समध्ये आली आणि मग भरपूर प्रती काढणं शक्य झालं, पण तशा प्रतींत शाईचा ऊबदारपणा थोडा कमी होतो असं माझ्या डोळ्याला वाटतं. तुमच्या चित्रात पंखाच्या आतली पिसं वेगवेगळी दिसतायत की नुसता काळा डाग झालाय, त्यावरून प्रत कितपत आधीची याचा अंदाज येतो.

तुम्ही विचारलंय की चित्रात कविता घालायची ही पद्धत होती का, की हा एकट्याचा प्रकार. पद्धत म्हणावी इतकी सर्रास नव्हती, पण त्याच दोनचार वर्षांत पॅरिसमध्ये अजून एक माणूस हेच करत होता आणि माझ्या मते त्याच्याइतकं खोल कुणी गेलं नाही, शार्ल मेरियों. हा आधी नौदलात होता, जहाजावरून न्यूझीलंडपर्यंत जाऊन आला (तुमच्या मामांना आवडला असता), परत येऊन चित्रकार व्हायला निघाला तर कळलं की त्याला रंग ओळखता येत नाहीत, म्हणून काळ्यापांढऱ्या एचिंगकडे वळला. 1850 ते 1854 मध्ये त्याने पॅरिसवरची एचिंगची मालिका केली, जुनं पॅरिस ऑस्मान या सरकारी अधिकाऱ्याच्या रस्तेरुंदीत पाडलं जायला लागलं होतं त्याच काळात. त्यात नोत्र-दाम चर्चच्या गच्चीवरचा तो दगडी राक्षस, गाल हातावर टेकून शहराकडे बघणारा, 'ल स्त्रीज' नावाचा, त्याच्या खाली त्याने दोन ओळी लिहिल्या, की हा कधीही तृप्त न होणारा पिशाच्च म्हणजे वासना, या मोठ्या शहरावर आपलं भक्ष्य शोधतेय. पुढच्या स्टेटमध्ये, म्हणजे प्लेटमध्ये फेरफार करून परत काढलेल्या छापांत, त्या ओळी काढून टाकलेल्या दिसतात. पाण्याकाठच्या शवागाराच्या चित्राला जोड म्हणून तर त्याने एक वेगळी प्लेट नुसत्या कवितेचीच केली, 'मृत्यूची खानावळ-धर्मशाळा' अशा अर्थाच्या नावाची. आणि 1854 मध्ये एक हाताच्या पंजाएवढी छोटी प्लेट आहे, 'रू दे मोव्हे गार्साँ', वाईट पोरांची गल्ली, एक अंधारं दार, गजांची खिडकी, आणि त्याच प्लेटवर कविता, की इथे कोण राहत होतं, गरीब मुका सज्जनपणा की गुन्हा, मला माहीत नाही, तुला एवढी उत्सुकता असेल तर जाऊन बघ, अजून वेळ आहे. ते 'अजून वेळ आहे' मला दर वेळी लागतं, कारण आजूबाजूला घरं पाडली जात होती.

ब्राकमों आणि मेरियों एकमेकांचे दोस्त होते. 1854 मध्ये ब्राकमोंने मेरियोंचं एक बाजूचं पोर्ट्रेट एचिंगमध्ये केलं, नाण्यावर असतं तसं, आणि मेरियोंने त्या प्लेटवर स्वतःच ओळी घातल्या, की ब्राकमोंमहाशयांनी या चित्रात उदास मेरियोंचा विद्रूप चेहरा काढलाय. मित्राने चेहरा काढायचा आणि ज्याचा चेहरा आहे त्याने खाली कविता कोरायची, एकाच तांब्यावर दोन हात! चारच वर्षांनी, 1858 मध्ये मेरियोंला शारांतोंच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल केलं, बाहेर आला, परत गेला, आणि 1868 मध्ये तिथेच वारला. ते पोर्ट्रेट त्यामुळे मला नीट बघवत नाही, पण ते बघावंच असं चित्र आहे.

याच्याशी ताडून बघायला अजून एक उदाहरण घ्या. 1869 चं 'सॉने ए ओ-फोर्त' हे पुस्तक, कवींची सुनीतं आणि त्यांना जोडीला चित्रकारांची एचिंग, चाळीसहून जास्त जोड्या, 350 प्रती, आणि नंतर प्लेटा नष्ट केल्या. कोरो, मिले, माने, दोरे, ब्राकमों, मोठमोठी माणसं आहेत त्यात. सुंदर पुस्तक आहे, पण तिथे कविता खिळ्यांनी छापलीय आणि चित्र वेगळ्या कागदावर, समोरासमोर बसलेले दोन पाहुणे जसे. तुम्हाला कुणी सांगितलं ना की चित्र पुस्तकातलं असेल, त्यांच्या डोक्यात कदाचित अशी पुस्तकं असतील. ब्राकमोंच्या दारावर तसं नाही. तिथे अक्षर आणि पीस एकाच अ‍ॅसिडमध्ये खाल्लं गेलंय, एकाच पुसण्यात शाई घेतलीय, कागदावर एकाच दाबात आलंय. म्हणून मी म्हणते की त्या ओळींना कॅप्शन म्हणू नका, त्या चित्राचाच भाग आहेत, पक्ष्यांइतक्याच.

ब्राकमों हे एचिंग कुठे शिकला हेही सांगायला हवं, कारण माझे विद्यार्थी सारखं विचारतात की क्लास कुठला लावू. तो एका लिथोग्राफीच्या, म्हणजे दगडावरून छापायच्या, छापखान्यात कामाला होता, चित्रकला एका मास्तरांकडे शिकला, पण एचिंग मात्र त्याने दिदरोच्या अठराव्या शतकातल्या ज्ञानकोशात दिलेली कृती वाचून स्वतःच केलं. त्या वेळी एचिंगला फार कुणी विचारत नव्हतं. आणि एकोणिसाव्या वर्षी हे दार! पुढे त्याने शेकडो प्लेटा केल्या, माने, दगा या चित्रकारांना एचिंगमध्ये मदत केली, 1874 च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात भाग घेतला, होकुसाई या जपानी चित्रकाराच्या चित्रांची वही दलात्र या छापणाऱ्याच्या दुकानात पाहून वेडावला आणि तिच्यातले पक्षी-मासे जेवणाच्या ताटांवर उतरवले, 1914 मध्ये गेला. पण माझ्यासाठी तो त्या दारापाशीच उभा आहे.

आता जपायचं कसं. तुम्ही लिहिलंय की मागे तपकिरी चिकटपट्टी आहे आणि कागदावर गंजासारखे ठिपके आलेत. पट्टी ओढून काढू नका, कागदाचा पापुद्रा सोबत येतो, ते काम कागद दुरुस्त करणाऱ्या माणसाकडेच द्या, मोठ्या म्युझियममध्ये विचारलंत तर पत्ता मिळेल. ठिपके घालवायला ब्लीच, लिंबू, सोडा यातलं काहीही नको. माझ्याकडे एकदा एक प्रिंट आलं होतं, कुणा फ्रेमवाल्याने 'स्वच्छ' करून हार्डबोर्डवर फेव्हिकॉलने सबंध चिकटवलेलं, वर परत लॅमिनेशन. प्लेटचा दाब सपाट झालेला, शाईचा उठाव गेलेला, तीन महिने खपूनही मला त्यातलं निम्मंच परत मिळवता आलं. म्हणून सुरुवातीलाच म्हटलं की थांबा.

सध्या एवढंच करा की दोन स्वच्छ आम्लरहित कागदांच्या मध्ये ते सपाट ठेवा, गुंडाळी नको, ट्रंकेत परत नको, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर अजिबात नको कारण पावसाळ्यात तिथे ओल धरते आणि बुरशी आली की संपलं. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या घालतात त्या कागदाला टेकतील अशा ठेवू नका. फ्रेम करायचीच झाली तर मधे खिडकी कापलेला आम्लरहित माउंट हवा म्हणजे काच शाईला टेकत नाही, आणि कागद मागे फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्टीने, गव्हाच्या खळीने अडकवायचा, चारी बाजूंनी नाही, कारण कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्यात आकसतो, चारी बाजूंनी पकडला तर सुरकुततो. ऊन पडणारी भिंत टाळा. कडा कापून 'नीट' करायचा आग्रह कुणी केला तर ठाम नाही म्हणा, कादारचं नाव असलंच तर तिथेच आहे.

आणि मला तीन फोटो पाठवा. एक खालच्या कोऱ्या भागाचा, एक पाठीमागून खिडकीच्या उजेडात धरून काढलेला म्हणजे वॉटरमार्क दिसेल, आणि एक आडव्या उजेडात शेवटच्या ओळीचा, जिथे तो शब्द दोनदा येतो. त्या फोटोत नीट बघा की दाराच्या लाकडाचे तंतू अक्षरांच्या खालून गेलेत की अक्षरांपाशी येऊन थांबलेत. थांबले असतील तर हाताने आधीच जागा राखली होती, आणि खालून गेले असतील तर दार आधी पुरं झालं आणि मग त्याच्यावर परत सुई चालली.